भिंती : निरंक

माणसाच्या आयुष्यात भिंतीचं स्थान फार मोठं आहे. ती कशाची बांधावी हे माणसाला अजून नक्की कळलेलं नाही. शासनाला कळलेलं आहे. दगड, वीट आणि सिमेंटची भिंत पक्की. माती, बांबू आणि गवताची कच्ची. पक्की भिंत सुरक्षित असते, आणि याचा पुरावा म्हणजे ती पक्की असते. (त्र्याण्णवच्या भूकंपात आमच्या भागातली माणसं ज्या भिंतींखाली गेली, त्या चांगल्या रुंद, दगडाच्या होत्या. पण त्यात चूक भूकंपाची होती.)

निलंग्याच्या पुढं चिंचमाळ नावाचं गाव आहे. तिथल्या धोंडाबाईला ही वर्गवारी कधी पटली नाही. त्र्याण्णव साली ती वीस वर्षांची होती, नुकतीच नांदायला आलेली. सासऱ्यांच्या घराची भिंत गावात सगळ्यात रुंद. हिच्यावर बैलजोडी बसंल, असं ते पाहुण्यांना सांगत. त्या भिंतीखालून धोंडाबाईला दुपारी काढलं. शेजारच्या अंथरुणातली नणंद सुंदरा संध्याकाळी सापडली. ती चौदा वर्षांची होती.

त्यानंतर तीसेक वर्षं धोंडाबाई भिंतीच्या आत झोपली नाही. एरवी अंगणात, पावसाळ्यात पत्र्याच्या शेडखाली. लग्नकार्याला गेली तरी तिची बाज मांडवात. लोक तिला भित्री म्हणायचे. नवरा शेषेराव एवढंच म्हणायचा, "सवय हाय तिची," आणि रोज स्वतः बाज उचलून बाहेर ठेवायचा.

त्यांची मुलगी उज्वला लातुरात सिव्हिलचा डिप्लोमा करून, दोन वर्षं बांबूची घरं बांधणाऱ्या एका मिस्त्रीकडं राबून परत आली. घरकुल मंजूर झालं तेव्हा ती आईजवळ बसली.

"आई, भिंती कुडाच्या करू. बांबूचा सांगाडा, कामट्या इनायच्या, वरून माती-चुन्याचा गिलावा."

"आगं, मातीच की मग ती."

"हलकी आसती. जमीन हलली की तीबी हलती, मोडत न्हाई. आन मोडलीच, तर टोपलं पडल्यागत पडंल अंगावर."

धोंडाबाईनं शेजारचं टोपलं उचलून हातात तोललं. मग म्हणाली, "टोपलं व्हय? बांध मग."

चार महिन्यांत घर उभं राहिलं. खाली दगडाचं जोतं, बांबूला कीड लागू नये म्हणून तो औषधाच्या पाण्यात भिजवलेला, पावसाचं पाणी भिंतीवर येऊ नये म्हणून छप्पर हातभर पुढं काढलेलं. शेवटचा गिलावा धोंडाबाईनं स्वतः केला. भिंत हातानं अशी गुळगुळीत केली, की गावातल्या बाया बघायला आल्या. आणि बाज मात्र तिनं अंगणातच ठेवली.  उज्वलानं दोन दिवस धड जेवणही केलं नाही.

आठवड्याभरात तालुक्याच्या भिंत पडताळणी कक्षातून कनिष्ठ अभियंता शिवशंकर आले. सज्जन गृहस्थ. (वाईट माणसाला इतकं नियमानं वागणं जमत नाही.) त्यांनी भिंतीवर टिचकी मारली, कान लावला आणि तक्ता उघडला. 'भिंतीचा प्रकार' या रकान्यात चार पर्याय होते : दगड, वीट, सिमेंट ब्लॉक, निरंक.

"ताई, यात कूड बसत न्हाई."

"मग बाजूला लिव्हा की, साहेब," उज्वला म्हणाली.

"बाजूला समास हाय. समासात लिव्हायची परवानगी न्हाई."

त्यांनी 'निरंक' लिहिलं आणि त्याच भिंतीच्या सावलीत उभं राहून पाणी प्यायले.

तीन आठवड्यांनी नोटीस आली. ती फार मुद्देसूद होती. एक, सदर घरास भिंती नसल्याने घर अपूर्ण आहे. दोन, सदर भिंती कच्च्या असल्याने धोकादायक आहेत. सबब त्या तीस दिवसांत पाडून पक्क्या बांधाव्यात, अन्यथा कक्ष आपल्या यंत्रणेमार्फत पाडेल.

शेषेरावानं ती दोनदा वाचली. "न्हाईत म्हनतेत, आन पाडा म्हनतेत."

"पाडू देत," धोंडाबाई म्हणाली. "मी तर भाईरच झोपती." पण त्या दिवसापासून ती रिकामा वेळ मिळाला की आत जाऊन कुठला तरी कोपरा लिंपत बसू लागली.

उज्वलानं अर्ज केला. अर्जावर समिती नेमण्यात आली : अध्यक्ष आप्पासाहेब, अभियंता शिवशंकर आणि एक सदस्य (हे सहीपुरते). ठरल्या दिवशी सकाळी समिती चिंचमाळला आली आणि ग्रामपंचायतीच्या नव्या सभागृहात बसली. सभागृह पक्कं होतं. शिवशंकरांनीच ते पडताळलं होतं.

अकरा वाजून दहा मिनिटांनी जमीन हलली.

धक्का तसा किरकोळ होता. सभागृहाच्या खिडकीपासून छतापर्यंत हात जाईल एवढी भेग पडली आणि गच्चीचा कठडा खाली लावलेल्या शिवशंकरांच्या मोटारसायकलवर आला. समिती चार सेकंदांत बाहेर पडली. (मुदतीआधी पूर्ण झालेलं कक्षाचं हे पहिलंच काम.)

धोंडाबाई त्या वेळी आत खिडकीपाशी लिंपत होती. भिंत करकरली, सूप पाखडल्यासारखी मागंपुढं झाली. शेषेराव अंगणातून ओरडला, "भाईर ये! आगं, भाईर ये!" उज्वला दाराकडं पळाली. धोंडाबाई दोन्ही तळवे भिंतीला लावून उभी होती. पळायचं सोडून ती भिंत कशी हलते ते बघत होती. भिंत हलली, परत जागेवर आली आणि थांबली. भाकरीएवढा गिलावा तेवढा खाली पडला.

धोंडाबाईनं तो उचलला.  "उज्वला," ती म्हणाली, "सुंदराला आसली भिंत पायजे व्हती गं."

बाहेर एप्रिलचं ऊन. सभागृहात पाय ठेवायला कुणी धजेना. शेवटी आप्पासाहेब दाराशी आले. "बाई, जरा आत टेकू का? परत हादरा आला तर पंचाईत."

"या की."

समिती भिंतीला पाठ लावून बसली. उज्वलानं चहा दिला. "साहेब, हितं धोका हाय आसं तुमीच लिव्हलंय."

"पोरी, कामकाज चालू हाय," आप्पासाहेब म्हणाले.

कामकाजात पुढील ठराव एकमतानं झाले. सभागृहाची भिंत भेगाळली असली तरी मूलतः पक्की असल्यानं तिच्यावर फरशी बसवून घ्यावी. शेषेरावांच्या घराचं नुकसान शून्य आहे, कारण भिंतीच निरंक असल्यानं नुकसान कशाचं व्हावं हा प्रश्न उद्भवत नाही. आणि पाडण्याच्या आदेशास समितीच्या पुढील बैठकीपर्यंत स्थगिती देण्यात येते. पुढील बैठक सुरक्षिततेच्या कारणास्तव याच घरात होईल. (अशा बैठका आजवर सात झाल्या. स्थगिती कायम आहे. चहाही.)

त्या संध्याकाळी धोंडाबाईनं आपली बाज उचलून आत नेली. शेषेराव सवयीनं ती बाहेर काढायला उठला.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली.

उज्वला गोठ्यामागं जाऊन एकच बादली बराच वेळ घासत राहिली.

ही वार्ता धर्माबादपर्यंत गेली. लोक घर बघायला येऊ लागले, म्हणून कक्षानं उज्वलाला नोंदवही ठेवायला लावली. तिच्यानुसार आजपर्यंत आलेले पाहुणे दोनशे चौदा. 'लई भारी' म्हणालेले दोनशे तीन. भिंतीजवळ फोटो काढलेले एकशे अठ्ठ्याऐंशी. 'पर सोयरे काय म्हनतील?' असं विचारलेले दोनशे चौदा. तसं घर बांधलेला एकही नाही. शिवशंकर एका रविवारी साध्या कपड्यांत आले, नकाशा मागून घेतला, घडी करून खिशात ठेवला. लातुरात त्यांच्या घराचं बांधकाम आता दुसऱ्या मजल्यावर गेलंय, पुढची बाजू सगळी दगडाची. "मिसेस न्हाई म्हनली," असं त्यांनी उज्वलाला फोनवर सांगितलं.

आपण इथवर वाचलंत, तेव्हा नोंदवहीत आपण दोनशे पंधरावे. धोंडाबाईचं आपल्याला कौतुक वाटलं आणि समितीला आपण मनसोक्त हसलात, याची नोंद घेतली आहे.

आपल्याही प्लॉटवर काम निघालंय म्हणे. विटांचा ट्रॅक्टर आला का?