कल्ला दाखव, मग बोली

हिरामावशी कोणतीही वस्तू उलटी करून बघितल्याशिवाय घरात घेत नाही. कलिंगड, कुकर, गणपतीच्या वर्गणीची पावती, सगळं आधी उलटं. आमच्या लग्नात आहेर आलेलं भिंतीवरचं घड्याळसुद्धा तिने उतरवून मागून तपासलं आणि "बरा हाय" म्हणून परत लावलं. तेव्हा कुठे ते आम्हाला आमचं वाटायला लागलं.

मावशी मूळची करंज्याची. तिथल्या बंदरावर तिने तीस वर्षं मासळीचा लिलाव पुकारला. गुडघे बोलायला लागले तेव्हा नवीन पनवेलला, आमच्या शेजारी तळमजल्यावर एकटीच राहायला आली. मी शाळेत शास्त्र शिकवतो, म्हणून मी तिचा मास्तर. आणि तिच्या तोंडी सगळ्यांनाच 'तू', सोसायटीच्या चेअरमनलाही.

आमच्याकडे नुकतंच ब्रॉडबँड आलं होतं. इंटरनेटवरच्या लिलावात मी एका महागड्या कॅमेऱ्यावर बोली लावत बसलो होतो. बायकोला सांगताना उच्चारलेला 'लिलाव' हा शब्द भिंतीपलीकडे ऐकू गेला आणि मावशी पदर खोचत हजर झाली.

"कनची मासली?"

"कॅमेरा आहे मावशी. फोटो बघून बोली लावायची."

"फोटू बगून? मेल्या, कल्ला बगितलास काय?"

माशाचा कल्ला उचलून बघायचा. लालभडक असला तर मासा ताजा. पण लबाड लोक कल्ल्याला रंग लावतात, म्हणून वर अंगठ्याने पुसूनही बघायचा. हे सगळं मला तिथेच शिकवून झालं. मग तिने सांगितल्याप्रमाणे मी विक्रेत्याला लिहिलं, की कॅमेरा उलटा करून, शेजारी आजचा पेपर ठेवून फोटो पाठवा.

फोटो जमणार नाही, असं उत्तर आलं. दुसरं गिऱ्हाईक थांबलंय, लिलाव राहू दे, पैसे थेट माझ्या खात्यात भरा.

"गोदीमागं बोलावतंय तुला," मावशी म्हणाली. "लिलाव चारचौगांत. मागं गेलास की मेलास."

शिवाय मी बोली वाढवली की एकजण लगेच माझ्यापेक्षा चढी बोली लावत होता. मावशीने दोन मिनिटं त्याचं नाव न्याहाळलं. "यो त्याचाच मेवना हाय. भाव चढवाया बसवलाय."

मी नाद सोडला. आठवड्याने तोच कॅमेरा, त्याच फोटोसकट, दुसऱ्याच नावाने विकायला आला. मुलांना निरीक्षण शिकवणारा मी, खाली मान घालून चहा टाकायला गेलो.

चहा पिता पिता मावशीने विचारलं, "मास्तर, ह्यात बाजा मिलंल काय? शॅक्सफोन?"

तिचे यजमान, धर्मामामा, लग्नांच्या ब्रासबँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायचे. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. कोणासाठी हवा, विचारलं तर म्हणाली, "तू कल्ला माग."

मग वर्षभर मी जुन्या सॅक्सोफोनवाल्यांकडे भोंग्याच्या खालच्या बाजूचा फोटो मागत राहिलो. फोटो आला की मावशी पडद्याला नाक लावायची, "पोचा नाय" म्हणायची आणि उठून जायची. मला वाटायचं, कुठे चेपलेलं नाही म्हणून ही तारीफ करतेय. शेवटी न राहवून मी म्हणालो, "पोचा नाही ते चांगलंच की!"

"पोचा पायजे," म्हणाली आणि गेली.

मला अक्कल सुचली. मी सगळ्या विक्रेत्यांना कळवून टाकलं, की भोंग्याखाली पोचा असलेलाच हवा, असेल तर लगेच घेतो. तिसऱ्या दिवशी फोटो हजर. आजचा पेपर, उलटा सॅक्सोफोन आणि भोंग्याखाली चांगला वाटीएवढा पोचा! मी मावशीला ओरडूनच बोलावलं.

ती खुर्चीत बसली. पडद्यावरच्या त्या पोच्यावर तिने अंगठा फिरवला. मग माझ्याकडे वळली.

"तू सांगितलंस त्याला?"

"हो."

"काय पायजे ते गिऱ्हाइकानं आदी बोलाचं नसतं रे. हा ताजा हाय."

"मग?"

"मासा ताजा बगाचा, मास्तर. पोचा शिला. ह्याच्या घडीत कालं नाय. मामाच्या बाज्याला मी चिंचेनं घासून घासून दमायची, ते कालं कदी निगालं नाय." मग तिला एकदम हसू आलं. "नारली पुनवेला माज्या कानाशी येऊन वाजवला मेल्यानं. हातात नारल व्हता, तोच हानला."

काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "मावशी, दुसरा एखादा चांगला घेऊ या ना."

"वाजवनार कोन?"

पदराने तिने पडद्यावरचा अंगठ्याचा डाग पुसला.

"तेरावं झालं आन मीच भंगारवाल्याला देऊन टाकला. डोल्यासमोर नको म्हनून. सगल्या जल्मात तेवडी एकच वस्तू देताना उलटी करून बगितली नाय."

तो फोटो मी बंद केला आणि पुढच्या विक्रेत्याला लिहायला घेतलं. खालच्या बाजूचा फोटो पाठवा, एवढंच.