सुरवंटाचा भोंगा

ट्रकच्या हॉर्नच्या कारखान्यात कानदादांना काम एकच होतं, ऐकायचं. समोरच्या पट्ट्यावरून हॉर्न सरकत यायचा, दादा त्याच्या तारा बॅटरीला लावायचे, डोळे मिटायचे, आणि तो असा काही बोंबलायचा की काचेपलीकडच्या हिशेबनीसाच्या हातातलं पेन उडायचं. दादांच्या कपाळावरची आठीसुद्धा हलायची नाही. आवाज स्वच्छ असला की हिरवा ठिपका, घोगरा निघाला की लाल. हे इतकी वर्षं चाललं होतं की त्यांचं खरं नाव कारखान्यात कुणाच्या लक्षात नव्हतं, आणि कधी सही करायची वेळ आली तर दादांनाही क्षणभर थांबावं लागायचं.

अशा माणसाला शांतता सोसत नाही. घर निजलं, दिवे मालवले, की दिवसभरचे हॉर्न दादांच्या कानात एकेक करून परत यायचे, आम्हाला लाल ठिपका का दिलात म्हणून जाब विचारायला. डोळ्याला डोळा लागायचा नाही. बायकोने मिक्सर चालू ठेवून पाहिला. पंख्याच्या पात्याला पुठ्ठा बांधून पाहिला. पुठ्ठ्याच्या फडफडीने दादांना जरा डुलकी लागली, पण बायको टक्क जागी राहिली आणि सकाळी तिने पुठ्ठा काढून टाकला.

"या घरात एकानेच जागायचं असेल तर तुम्हीच जागा," ती म्हणाली. "तुमची सवय मोडायला नको."

झोप सापडली ती थिएटरात. शनिवारी कारखाना अर्धा दिवस असायचा, आणि मेव्हण्याकडचं एक तिकीट वाया जात होतं, म्हणून दादा गेले. सिनेमा एका अजस्र सुरवंटाचा होता. जमिनीतून वर येणारा आणि गावंच्या गावं पानासारखी कुरतडणारा. पडद्यावर नावं सुरू झाली, एक ढोल वाजला, बऱ्याच वेळाने दुसरा वाजला, आणि बायकांचा जाड, आळसावलेला सूर आला:

"सरकत सरकत येतो गं, सावकाश सारं खातो गं..."

सुरवंटाला कसलीच घाई नव्हती, त्यामुळे गाण्यालाही नव्हती. 'येतो गं'ला दादांचे खांदे उतरले. 'खातो गं'ला हनुवटी छातीवर टेकली. पुढे काय झालं ते दादांना ठाऊक नाही. इमारती कोसळल्या असणार, तोफा धडाडल्या असणार. शेवटी तेच गाणं पुन्हा लागलं तेव्हा जाग आली. पडद्यावर सुरवंट उताणा पडलेला होता, तिथले लोक टाळ्या वाजवत होते, आणि दादांना कितीतरी वर्षांनी आपलं डोकं आपलंच असल्यासारखं वाटत होतं.

त्या थिएटरात दर शनिवारी दुपारी सुरवंटाचा कुठला ना कुठला भाग लागायचा. भाग पुष्कळ होते, कारण सुरवंट मरायचा आणि पुढच्या भागात त्याचा भाऊ यायचा. दादांनी एक शनिवार चुकवला नाही. गाणं त्यांना मनापासून आवडायचं, दाढी करताना, बूट घालताना ते गुणगुणायचे. बायकोने एकदा कौतुकाने विचारलं, "आज काय झालं सिनेमात?"

"सुरवंट मेला."

"आणि त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी जिवंत होता," दादा म्हणाले, आणि ताजेतवाने होऊन कपडे वाळत घालायला गेले. तिने पुन्हा काही विचारलं नाही. नवरा शनिवारी माणसात येतोय एवढं तिला पुरे होतं. त्या एका झोपेवर दादांचा अख्खा आठवडा ढकलला जायचा.

घात केला तो गाण्यानेच. एका सकाळी पट्टा बंद पडला, कारखाना अचानक गप्प झाला, आणि त्या गप्पपणात दादा बसल्या जागी गुणगुणत असल्याचं सगळ्यांना ऐकू आलं. पाठीमागे मालक उभे होते. मालक मोजकं बोलणारे गृहस्थ. कामगारांशी तर 'हं' आणि 'बघू' याच्या पलीकडे कधी गेले नव्हते.

"सुरवंट," मालक हळूच म्हणाले.

दादा उठून उभे राहिले. "चुकलं, साहेब."

"अहो, बसा. कुठला भाग बघितलात?"

"सगळेच. एक शनिवार चुकवलेला नाही." हे तर खरंच होतं.

"आणि विशेष काय आवडतं?"

"सुरुवात," दादा म्हणाले. "आणि शेवट."

"मधलं?"

दादा बंद पट्ट्याकडे बघत म्हणाले, "मधल्याबद्दल, साहेब, मी काही बोलू नये."

मालकांनी त्यांचा हात धरला. "मीसुद्धा घरी हेच सांगतो. मधल्याबद्दल बोलायचंच नसतं. पण कुणाला कळतंय? बायकोला वाटतं मला रिकामपणाचे उद्योग सुचतात. मुलगा तर तोंडावर हसतो. इतकी वर्षं मी एकटाच होतो हो." आणि मग त्यांनी ते वाक्य उच्चारलं, ज्याने दादांच्या तोंडचं पाणी पळालं. "शनिवारी दुपारी घरी या. मोकळेच असता ना?"

मालकांना नाही म्हणण्याची रीत कारखान्यात नव्हती.

मालकांच्या दिवाणखान्यात कपाटाएवढे दोन स्पीकर होते. सिनेमा बघायचा नव्हता, फक्त गाणी ऐकायची होती. सगळ्या भागांची, क्रमाने. दादांना मऊ खुर्ची मिळाली. ढोल वाजला. दुसरा वाजला. 'सरकत सरकत येतो गं'ला खांदे उतरले, पापण्या जड झाल्या, झोप अगदी उंबऱ्यावर आली, आणि टक् असा आवाज करून मालकांनी गाणं थांबवलं.

"ऐकलंत? दुसऱ्या ढोलामागे बारीक घुंगरू आहे."

"आहे, साहेब."

"पुन्हा लावतो."

असं संध्याकाळपर्यंत चाललं. दादांना झोपेच्या दारापर्यंत नेऊन मालक दर खेपेला दार लावून घ्यायचे. दादांचे मिटणारे डोळे बघून त्यांना भरून यायचं. "असा श्रोता मिळायला नशीब लागतं," ते बायकोला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायचे. पुढच्या शनिवारी तेच. त्याच्या पुढच्याही शनिवारी तेच.

दादांची रया गेली. बसमध्ये ते उतरायचं सोडून तिकीट कानाला लावून बसू लागले. घरी बायकोने भाजी कशी झालीय विचारलं तर "जरा घोगरी आहे" म्हणाले, आणि त्या दिवशी जेवण मुकाट्याने झालं. शेवटी पॅकिंगवाल्या ताई खोकं घेऊन त्यांच्या टेबलाशी आल्या. ताई तोंडाच्या फटकळ होत्या, पण दादांशी सांभाळून बोलायच्या.

"दादा, रागावू नका. सकाळपासून तुम्ही मला हिरवा ठिपका लावून बॅटरीची झाकणं पाठवताय. आणि हा माझा चहाचा कप."

दादांनी कप निरखला. "कुठला ठिपका आहे?"

"हिरवाच आहे."

"मग ठीक असेल," दादा म्हणाले. ताईंनी कपाळाला हात लावला.

काही मुके हॉर्नही तसेच बाहेर गेले, आणि गिऱ्हाइकांची बोंब मालकांपर्यंत पोचली. मालकांनी दादांना आत बोलावलं. आवाज चढवला नाही, उलट खुर्ची पुढे केली.

"तुमचं लक्ष नाही, दादा. कुठे असतं?"

दादांच्या अंगात खोटं बोलण्याइतकंही त्राण नव्हतं. "गाण्यात असतं, साहेब. दिवसरात्र तेच डोक्यात. ते एकदा न थांबवता सलग ऐकायला मिळालं तर मी माणसात येईन."

मालक टेबलावर हलकेच थाप मारून म्हणाले, "सलग. रोज. कामाच्या वेळात. अहो, आपण हॉर्न बनवतो की."

अशा रीतीने सुरवंटाचा हॉर्न तयार झाला. गाण्याची परवानगी वगैरे मालकांनी मिळवली, आणि एका सोमवारी पहिला हॉर्न पट्ट्यावरून सरकत, सावकाश, दादांसमोर आला. दादांनी तारा जोडल्या, डोळे मिटले. 'खातो गं'ला ते गेले.

कुणाला काही कळलं नाही, कारण तपासताना दादांचे डोळे नेहमीच मिटलेले असायचे. ते दिवस दादांच्या आयुष्यातले सोन्याचे. एक हॉर्न वाजला की जेवणाच्या सुट्टीपर्यंत झोप, सुट्टीनंतर दुसरा वाजला की घरी जायच्या वेळेपर्यंत. गालांवर रंग आला. अडचण एवढीच होती की झोपलेला माणूस ठिपके लावत नाही. पट्ट्याच्या पलीकडच्या टोकाला ताई रिकामी खोकी मांडून बसल्या होत्या, त्या कंटाळून बघायला आल्या आणि दादांचा घोरण्याचा आवाज त्यांनी ओळखला.

"कधीपासून?" दादांना हलवून त्यांनी विचारलं.

"गाणं आल्यापासून."

ताईंनी ठिपक्यांचा डबा स्वतःकडे ओढला. "आमच्याकडेही तसंच आहे, पण ते बातम्यांना झोपतात. झोपा तुम्ही. ठिपके मी लावते. घोगरं काय नि स्वच्छ काय, मला कळत नाही, पण हिरवा रंग ओळखू येतो."

हॉर्न भराभर बाहेर पडले, शहरभरच्या ट्रकांवर चढले, आणि पंधरवडा उलटायच्या आत ट्रकवाल्यांचा एक म्होरक्या कारखान्याच्या दारात येऊन उभा राहिला. दांडगा माणूस, पण चेहरा पार उतरलेला.

"साहेब, हॉर्न कशाला असतो?" त्याने विचारलं.

"पुढच्याला बाजूला करायला," मालक म्हणाले.

"होतच नाही बाजूला. मी मागून वाजवला, तर पुढचा स्कूटरवाला मान डोलवायला लागला. 'सावकाश' म्हटल्यावर त्याने गाडी आणखी सावकाश घेतली. गाणं संपलं तर वळून म्हणतो, पुन्हा लावा."

"म्हणजे लोकांना आवडलंय," मालक म्हणाले.

"पुढचं ऐका. एकदा दाबला की थांबत नाही. कडवं संपलं की दुसरं कडवं. दवाखान्यावरून गेलो, शाळेवरून गेलो. काल एका अंत्ययात्रेच्या मागे अडकलो आणि माझा हात चुकून लागला."

मालकांनी विचारलं, "मग?"

"'सावकाश सारं खातो गं'पर्यंत त्यांनी ऐकून घेतलं. मग रडायचे थांबले, आणि मला शोधायला लागले."

मालकांनी एक हॉर्न उचलला. त्यावर हिरवा ठिपका होता, जरा वाकडा. "कुणी तपासला हा?"

ताईंनी तोंड उघडलं, पण त्याआधी दादा पुढे झाले. "मी, साहेब."

सगळे हॉर्न परत आले. कोठारात त्यांचा डोंगर झाला. शिक्षा म्हणाल तर मालकांनी दिली नाही, ते म्हणाले, "यातलं आपल्या दोघांनाच कळतं. एकेक लावायचा, शेवटपर्यंत ऐकायचा, कुठे अडकतोय ते शोधायचं. मी समोर बसतो." मालक समोर बसल्यावर झोपण्याची सोय उरली नाही. दादा उभ्याने काम करू लागले. पेंग आली की गालात चिमटा. ढोल, ढोल, येतो गं, खातो गं. पुढचा हॉर्न. ढोल, ढोल. कान किटले. दादांचे वेगळे, मालकांचे वेगळे. मालकांनी आधी कानात कापूस घातला, मग कापसावर मफलर गुंडाळला.

"दादा," एका दुपारी ते मफलरातून म्हणाले, "हे गाणं जरा लांबलंय असं नाही वाटत तुम्हाला?"

"घुंगरू जास्त झालंय, साहेब."

मालकांनी उसासा टाकला. "शनिवारी यायचे कष्ट घेऊ नका. स्पीकर मी माळ्यावर टाकलेत. जरा शांत बसावं म्हणतो."

दादांना आनंदाने उडी मारावीशी वाटली, पण पायात तेवढं बळ नव्हतं. शनिवारी दुपारी ते थिएटरात शिरले, कोपऱ्यातली आपली खुर्ची धरली, बुटांच्या नाड्या सैल केल्या. दिवे गेले. ढोल वाजला. दादांनी हनुवटी छातीकडे नेली. दुसरा ढोल वाजला, आणि त्यांचा उजवा अंगठा आपोआप हिरवा ठिपका लावायला उचलला गेला. 'येतो गं'मध्ये एक बाई किंचित खाली होती. 'खातो गं' जरा घोगरं होतं. गाणं संपलं तेव्हा दादा ताठ बसलेले होते, डोळे सताड उघडे. गाण्यात झोपेचा थेंब शिल्लक राहिला नव्हता.

मग काय करणार, दादा सिनेमा बघू लागले. सुरवंटाने एक गाव खाल्लं, अर्धा पूल खाल्ला, आणि चौकाच्या मधोमध स्वतःभोवती कोश विणून तो झोपला. झोपला तो झोपलाच. सैन्याने भोवती दोर बांधला. लोक अनवाणी, चवड्यांवर चालू लागले. नगराध्यक्षाने फलक लावले: हॉर्न वाजवण्यास सक्त मनाई. पडद्यावर चिडीचूप शांतता, आणि कोश नुसता वरखाली होतोय. दादांना वाटायचं, मधे नुसता हलकल्लोळ असणार. म्हणजे आपण इतके दिवस असल्या शांततेत झोपत होतो? ते त्या कोशाकडे बघत राहिले, आधी हेव्याने, मग नुसतेच. तेवढ्यात पडद्यावरचा सेनापती म्हणाला, भलामोठा भोंगा आणा, त्याला उठवून बाहेर काढू.

"झोपू द्या की त्याला," दादा म्हणाले. शांततेत ते चांगलंच मोठ्याने ऐकू गेलं.

"हळू बोला," शेजारून एक बाई पुटपुटली. तिच्या अंगावर परिचारिकेचा पांढरा गणवेश होता, डोळे मिटलेले होते. "इथे माणसं झोपलीत."

दादांनी मान वळवली. पडद्याच्या उजेडात रांगाच्या रांगा दिसल्या. तोंडावर टोपी घेतलेला कंडक्टर, पिशवी कवटाळलेल्या शिक्षिका, एकमेकांवर रेललेले दोन रंगारी. सगळ्यांच्या माना खाली. जागं असं एकही माणूस नव्हतं.

"पहिल्यांदाच आलात वाटतं," परिचारिका म्हणाली. "मधलं इथे कुणी बघत नाही."

ही खुर्ची आपली आहे, एक शनिवार आपण चुकवलेला नाही, असं सांगायला दादांनी तोंड उघडलं. मग मिटलं.

"आता जागेच राहणार का?" तिने विचारलं.

"तसंच दिसतंय."

"मग एक करा. शेवटचं गाणं लागलं की मला हलवा. इथून थेट ड्यूटीवर जायचंय."

"मलापण," टोपीखालून आवाज आला. "बस सुटते माझी."

"आणि मला, पण हळूच," शिक्षिका म्हणाल्या. "दचकून उठलं की डोकं दुखतं."

दादांनी मान हलवली. तिघांचेही श्वास पुन्हा लांब पडू लागले. पडद्यावर सुरवंटाने कोशातल्या कोशात कूस बदलली. दादांनी बुटांच्या नाड्या घट्ट बांधल्या, ताठ बसले, डोळे मिटले, आणि शेवटच्या गाण्याच्या पहिल्या ढोलासाठी कान लावला.