विषय बदलायला लागणारे सहा सेकंद

एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी सव्वासहा वाजता बालेवाडीकडच्या एका सोसायटीत एक नवीकोरी गाडी आली आणि ती आलेली कुणालाही कळलं नाही. पुढे जे काही झालं त्याला एवढी एकच गोष्ट कारणीभूत. यात गाडीचा, गाडीवाल्याचा किंवा सोसायटीचा काहीही दोष नव्हता, असं इतिवृत्तात लिहिलेलं आहे.

गाडी शालूबाईंच्या घरची. सोसायटी आज जिथे उभी आहे तिथे पूर्वी त्यांच्या नवऱ्याची, सोनबांची, ज्वारी उभी असायची. जमिनीच्या बदल्यात सातव्या मजल्यावर ऐसपैस फ्लॅट मिळाला. मुलगा सार्थक हिंजवडीत कॉम्प्युटरपुढे बसायचा. गाडी कुठली घ्यायची यावर बापलेकांचं सोळा महिने चाललं होतं. तेवढ्यात लोकांची लग्नं होऊन मोडतात.

सोनबांचं म्हणणं सरळ होतं. "आत बसल्यावर सोयऱ्याचं डोस्कं वरनं दिसलं पायजे. बास."

सार्थकचं म्हणणं एक्सेलमध्ये होतं. सत्तावीस रकाने. डिकीत बॅगा किती, आईच्या गुडघ्याला सीट किती उंच, बाणेरच्या सिग्नलला एका लिटरमध्ये किती वेळ उभं राहता येतं. या शेवटच्या रकान्यात मध्यम आकाराची हायब्रीड एसयूव्ही जिंकली. उभी असताना ती काही खात नाही, आणि पुण्यात गाडी मुख्यतः उभीच असते.

"हायब्रीड म्हंजी?" सोनबांनी विचारलं.

"थोडी बॅटरीवर चालते, थोडी पेट्रोलवर. कधी कशावर ते तिचं ती ठरवते."

"आमच्या वक्ताला हायब्रीड ज्वारी आलती. उतारा झकास, पर भाकरीला चव न्हाई. हिला काय न्हाई?"

"हिला आवाज नाही, आबा," सार्थक कौतुकाने म्हणाला.

शालूबाईंना कुणी काही विचारलं नाही. त्यांना एवढंच हवं होतं की गाडीत चढताना मागून कुणी ढकलू नये.

तर त्या शनिवारी गाडी गेटमधून आत आली आणि पार्किंगच्या उतारावरून मांजरीसारखी खाली उतरली. कंपनीने तिला हळू गुणगुणायला शिकवलं होतं म्हणे, पण ते गुणगुणणं पाण्याच्या पंपाच्या घरघरीत बुडून गेलं. नव्या प्लास्टिकच्या वासाने मळमळतं म्हणून शालूबाईंनी काच खाली घेतलेली. समोर बाकावर दुर्गाबाई पाठमोऱ्या बसल्या होत्या. चौथा मजला, बँकेतून रिटायर, आणि सात वर्षांत शालूबाईंना या सोसायटीत मिळालेली एकुलती एक मैत्रीण. शेजारी आणखी दोघी.

"होळीच्या पुरणपोळ्या घरच्या?" दुर्गाबाई सांगत होत्या. "काहीतरीच काय. सगळ्या एका मापाच्या, डब्याच्या झाकणाने कापल्यासारख्या. मंडईमागच्या दुकानातल्या होत्या. शालूताईंनी नुसत्या डब्यातून डब्यात घातल्या."

पोळ्या खरोखरच मंडईमागच्या दुकानातल्या होत्या. म्हणून तर जास्त लागलं. बाई खोटं बोलली असती तर तिला माफ करता आलं असतं.

दुर्गाबाई वळल्या तर बंपर हातभर अंतरावर.

"अगंबाई, शालूताई. कधी आलात?"

"पोळीपासनं," शालूबाई म्हणाल्या.

आता इथे सोसायटीची एक पद्धत सांगायला हवी, जी कुठल्याही उपविधीत लिहिलेली नाही पण सगळ्यात कडक पाळली जाते. इथल्या प्रत्येकाला प्रत्येकाच्या गाडीचा आवाज पाठ आहे. गाडी गेटमधून बाकापर्यंत यायला सहा सेकंद लागतात. आवाज आला की बाकावरची मंडळी गाडीवाल्याचा विषय अर्ध्या वाक्यात सोडतात आणि "आज पाणी आलं का?" इथे येऊन थांबतात. गाडीवाला हसून हात करतो, कारण आल्यावर तोही बाकावरच बसणार असतो. सेक्रेटरी रंगनाथरावांच्या स्कूटरचा सायलेन्सर फुटून चार वर्षं झाली. तो दुरुस्त करू नका, अशी विनंती त्यांना तीन मजल्यांवरून झालेली आहे. एवढ्या फाटक्या सायलेन्सरवर अठ्ठेचाळीस कुटुंबांचा सलोखा टिकून होता.

दुसऱ्या दिवसापासून शालूबाई बाकावर बसेनाशा झाल्या. बी विंगच्या मागे आनंदीबाईंकडे जाऊन बसायला लागल्या आणि तिथे त्यांनी दुर्गाबाईंना वजनकाट्यापासून विहिणीपर्यंत सोलून काढलं. पण मनातून एक गोष्ट जाईना. सात वर्षांत ही बाई आपल्याबद्दल एक तरी बरा शब्द बोलली असेल की नाही? तेवढा एकदा कानावर पडला तर बरं.

"सार्थक, एक चक्कर मार रे," शालूबाई एका संध्याकाळी म्हणाल्या.

"कुठं जायचंय?"

"कुठं न्हाई. पार्किंगमधीच."

बरा शब्द काही आला नाही, बाकी भरपूर आलं. सोनबांनी जमीन दिली पण वॉचमनच्या सलामाची हौस ठेवली, हे कळलं. सार्थकला कंपनीने सहा महिने नुसतं बसवून ठेवलंय, हे तर त्याच्या आईबापालाही इथेच कळलं. चौथ्या दिवशी तिघंही जेवायच्या आधी गाडीत बसायला लागले. "बॅटरी हाय का शिल्लक?" सोनबा विचारायचे. ॲव्हरेज कसं वाढवायचं याचे सार्थकने तीस व्हिडिओ पाहिले होते. ते वाढलं पार्किंगमधल्या या फेऱ्यांनी, आणि त्याचा फोटोही त्याने सोसायटीच्या ग्रुपवर टाकला.

फोटो पाहून रंगनाथराव वर आले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त माणूस, मूळचा सदाशिव पेठेतला. तोंडी सांगायची गोष्टही आधी लिहून आणायचा. पत्राचा विषय होता, 'आपल्या वाहनाच्या पूर्वसूचनाविरहित आगमनाबाबत.'

"आपली गाडी अचानक येते, अशा तक्रारी आहेत," ते म्हणाले.

"गाडी येती तशीच येती," सोनबा म्हणाले. "कुणाला धडकली का?"

"धडकली असती तर सोपं होतं. त्याला विमा असतो."

"मग हॉर्न मारतो," सार्थक म्हणाला.

"आवारात हॉर्नला बंदी आहे. पाटी मीच लावली आहे."

"काका, मग करू काय?"

"तो आपला प्रश्न. माझं काम कळवण्याचं."

सोनबांनी माळ्यावरून बैलांची घुंगरमाळ काढली आणि बंपरला बांधली. त्या संध्याकाळी कुल्फीवाला आला समजून तीसेक पोरं वाट्या घेऊन खाली आली. कुल्फी नाही म्हटल्यावर त्यांनी जो गोंधळ घातला, त्यावर वेगळं पत्र निघालं. घुंगरं सुटली. मग असं ठरलं, की गाडी आत येताना वॉचमन गेनबाने दहा पावलं पुढे चालत शिट्टी वाजवायची. गेनबाचं वय त्रेसष्ट. त्याच्या मागे एकशे चौदा हॉर्सपॉवर पावलापावलाने सरकू लागली. 'ही गाडी कुणाची वरात घेऊन चाललीये?' असं नव्या भाडेकरूंनी ग्रुपवर विचारलं.

एका मंगळवारी गेनबा चहाला गेला होता. गाडी आपली गुपचूप उतारावरून आली. बाकावर दुर्गाबाई एकट्याच, फोनवर मुलीशी बोलत होत्या.

"शालूताई हल्ली बसत नाहीत गं माझ्याजवळ. चूक माझीच आहे. सात वर्षांत त्या बाईने माझ्याकडून एकदा..."

शालूबाईंचा हात दाराच्या कडीवर गेला. श्वाससुद्धा त्यांनी धरून ठेवला होता. एवढ्यात गेटकडून गेनबा धावत आला आणि नोकरी जाईल या भीतीने त्याने छातीतली सगळी हवा शिट्टीत ओतली.

दुर्गाबाई दचकल्या. "ते जाऊ दे," त्या फोनमध्ये म्हणाल्या. "तुमच्याकडे पाणी आलं का?"

एकदा काय, ते राहिलंच. शालूबाई गेनबावर अशा काही कडाडल्या की त्याने दोन दिवस शिट्टीला हात लावला नाही. त्याबद्दलही पत्र आलं. मग सोनबांचंही टाळकं सरकलं आणि त्यांनी सर्वसाधारण सभेची मागणी केली.

सभा क्लबहाऊसमध्ये भरली. मागच्या भिंतीवर सोसायटीला मिळालेलं पर्यावरणाचं प्रशस्तिपत्र. रंगनाथरावांनी ठराव वाचला: 'आवारात येणाऱ्या प्रत्येक विनाआवाज वाहनाने स्पीकर बसवून त्यावर जुन्या स्कूटरचा आवाज लावणे बंधनकारक राहील.'

"त्यापेक्षा आत आल्यावर तिला पेट्रोलवरच चालवा की," कुणीतरी म्हणालं.

"ते इंजिन स्वतः ठरवतं," सार्थक म्हणाला.

"मग त्याला बोलवायला हवं होतं सभेला," रंगनाथराव म्हणाले. "असो. ठरावाच्या बाजूने कोण?"

एकही हात वर झाला नाही. होणार कसा? हात वर केला म्हणजे मी लोकांच्या मागे बोलतो, हे सहीनिशी दिलं. "विरोधात?" म्हटल्यावर सगळे हात गर्रकन वर. दुर्गाबाईंचा सर्वांत आधी. शालूबाईंनी तर दोन्ही केले. एवढ्या स्वच्छ मनाची माणसं एका इमारतीत राहतात हे पाहून शालूबाईंना भरून आलं. आता शिट्टी बंद होईल, गाडी गपचूप जाईल, आणि अर्धं राहिलेलं ते वाक्य कधीतरी पुरं ऐकायला मिळेल.

रंगनाथरावांनी चौतीस वर्षं सरकारी खात्यात काढली होती. ते शांतपणे म्हणाले, "प्रथेप्रमाणे चिठ्ठ्याही घेऊ. नावं लिहू नयेत."

चिठ्ठ्या वाटेपर्यंत दुर्गाबाई मागच्या रांगेतून पुढे वाकल्या. आवाज लोण्यासारखा.

"शालूताई, आपल्या बोलण्यात नाही आलं, पण आमच्याकडेही येतेय हीच गाडी. पुढच्या महिन्यात. रंगसुद्धा हाच."

"हो का," शालूबाई म्हणाल्या. "बरं झालं."

त्या मागे वळून हसल्या. मग पुन्हा पुढे बघू लागल्या. समोर आनंदीबाई बसल्या होत्या, आणि त्यांच्या पलीकडे खिडकीतून बी विंगच्या मागची जागा दिसत होती. तिथेही रस्ता जातो. चांगला रुंद आहे.

शालूबाईंनी पेन्सिल मागून घेतली आणि चिठ्ठी तळहाताच्या आडोशाला धरून लिहिली.

रंगनाथरावांनी चिठ्ठ्या दोनदा मोजल्या. ठरावाच्या बाजूने अठ्ठेचाळीस, विरोधात शून्य. टाळ्या कुणी वाजवायच्या हे न कळल्याने त्या वाजल्या नाहीत.

लिफ्टमध्ये सोनबांनी बोटांवर हिशेब केला. "घरं अठ्ठेचाळीस. मतं अठ्ठेचाळीस. मग आपल्या घरची चिठ्ठी कुणी टाकली गं?"

"वर पाणी आलंय का बघा आधी," शालूबाई म्हणाल्या.

ठराव अमलात आला आहे, आणि सोसायटीत सध्या अत्यंत सलोख्याचं वातावरण आहे. हे वाचताना ज्यांनी एकदा मागे वळून पाहिलं, त्यांची मतं या अठ्ठेचाळीसांत धरलेली नाहीत.