होडीतल्या बारा जागा

मनुष्यजात आजवर प्रत्येक प्रलयातून तगली ती शौर्यामुळे नव्हे, तर वेळेवर नेमलेल्या कार्यकारिणीमुळे.

हे सत्य नागसेनला वाडीजवळच्या त्याच्या सोसायटीत उमगलं. दिवसा तो गोदामात माल उतरवून घेई आणि उरलेल्या वेळात नाटकं लिही. सोसायटीच्या वर्धापनदिनासाठी त्याने विनोदी नाटक लिहिलं: महापूर येतो, बारा जण होडीत बसून वाचतात, बाकीचे बुडतात. होडी गोदामातल्या लाकडी खोक्यांची. त्याची माय भीमाबाई कामठीहून येणार होती, त्याचं नाटक पहिल्यांदाच बघायला. ते रंगावं म्हणून त्याचा जीव टांगणीला लागला होता.

पात्रनिवड रीतसर सर्वसाधारण सभेत झाली. वाचणाऱ्यांच्या बारा जागांसाठी एकेचाळीस अर्ज आले, बुडणाऱ्यांसाठी एक. (तो सचिवांनी शेजाऱ्याच्या नावे परस्पर भरला होता, बाद झाला.) वच्छलाताईंनी पोहता येत असल्याचं प्रमाणपत्र जोडलं, म्हणून त्यांची होडीतली जागा आधी पक्की झाली.

"काका, कोणी तं बुडलं पाहिजे ना! नाही तं पूर कसा दिसन?" नागसेन कळवळला.

"मी बुडलो तं पार्किंग कोण पाहीन?" अध्यक्ष बळीराम म्हणाले.

शेवटी ठराव झाला: बुडण्याचं काम प्रेक्षकांनी करावं. त्यांना तालीम लागत नाही, पोशाख लागत नाही, आणि त्यांच्या खुर्च्या आधीच मांडलेल्या असतात. बारावी जागा नागसेनला देण्यात आली. त्यानंतर त्यालाही ठराव बराच समंजस वाटू लागला.

प्रयोगात निळं कापड पहिल्या रांगेपासून शेवटपर्यंत ओढलं गेलं. प्रेक्षक बुडाले आणि कापडाखालून टाळ्या वाजवू लागले. एकटी भीमाबाई बाहेर निघाली, पदर खोचून होडीपाशी आली.

"नागसेन, काहून बसून राहिला गा? मले हात दे."

नागसेनला भरून आलं. हात अर्धा उचलला गेलाही. पण वच्छलाताईंचे यजमान विंगेत बाराव्या जागेवर डोळा ठेवून उभेच होते.

"माय," तो हळूच म्हणाला, "ठरावात तुहं नाव नाही."

मंडप हशाने दणाणला. नाटक रंगलं होतं. भीमाबाई खुर्चीवर जाऊन बसली आणि निळं कापड तिने स्वतःच डोक्यावरून ओढून घेतलं.

तिच्या शेजारची खुर्ची मोकळी आहे. वाचकहो, उभे का? बसून घ्या.