प्रस्तुत संशोधिका गेली उडत!

आमच्या कॉलेजच्या नोटीस बोर्डावर कागद लागला की आम्ही कागद नंतर वाचायचो. आधी त्याखाली कापगते मॅडमनी काय लिहिलंय ते बघायचो. ‘असे आढळून आले आहे की, स्टाफरूममधील पंखे विनाकारण चालू ठेवले जातात.’ खाली लाल शाईत: ‘कोणाले आढळलं? नाव सांगा.’ ‘सर्वांना कळविण्यात येते की...’ खाली: ‘कोण कळवून राहिला?’ प्राचार्यांनी वैतागून बोर्डाला काच लावली, वर कुलूप घातलं. मॅडमनी काचेवर लिहिलं.

विमल कापगते, मूळ सानगडीच्या. भंडाऱ्याला आमच्या कॉलेजात मराठी शिकवतात. मी इतिहास शिकवते. आमची टेबलं एकमेकांना चिकटून, त्यामुळे या बाईंचा सगळा ताप पहिल्यांदा माझ्या डोक्याला.

“वाक्यात कर्ता नाही म्हणजे घरात माणूस नाही,” असं त्या म्हणतात. लग्नपत्रिकेत ‘विवाह करण्याचे योजिले आहे’ दिसलं की पत्रिका आणणाऱ्यालाच धरतात. “कोणं योजिलं? नवरीले विचारलं का?” स्वतः मॅडमचं लग्न झालेलं नाही. पण ‘झालं नाही’ म्हटलेलं त्यांना खपत नाही. “झालं नाही काय म्हणता वं? मी केलं नाही!”

अशा बाईनं पीएच.डी. करायला घेतली, आता बोला! विषय घेतला धानाच्या रोवणीत बाया म्हणतात त्या गाण्यांचा. गाणी आणली घरचीच. त्यांची आई लक्ष्मीबाई, हिनं सानगडीच्या शिवारात जन्मभर रोवणी केली. तिच्या तोंडून ऐकलेलं सगळं मॅडमनी उतरवलं: मी ऐकलं, मी पाहिलं, मला आईनं सांगितलं.

नागपूरचे त्यांचे मार्गदर्शक सर फार सभ्य गृहस्थ. इतके सभ्य, की चहा विचारला तर “घेतला जाईल” म्हणत. त्यांनी प्रबंध परत केला. “संशोधनात ‘मी’ चालत नाही. ‘प्रस्तुत संशोधिका’ लिहा. वस्तुनिष्ठता हवी.”

“मी वस्तू कायले होऊ, सर?”

सर म्हणाले, मग सही होणार नाही. मुदत संपत आली होती. सही नाही तर प्रबंध जमा नाही, म्हणजे सगळी मेहनत पाण्यात. मीच समजूत घातली. “मॅडम, लिहून टाका ना. एका शब्दानं काय आभाळ कोसळणार आहे?”

नाक मुरडत त्या तयार झाल्या. टायपिंगवाल्यानं कॉम्प्युटरला हुकूम सोडला: जिथं जिथं ‘मी’, तिथं तिथं ‘प्रस्तुत संशोधिका’. दुसऱ्या दिवशी मॅडम कागद नाचवत स्टाफरूममध्ये आल्या. “वाचा!”

वाचलं. ‘बायांच्या भाजीत प्रस्तुत संशोधिकाठ कप्रस्तुत संशोधिका पडले.’ अवो बाप्पा! मीठ कमी पडलं होतं! आणि जमीन झाली होती ‘जप्रस्तुत संशोधिकान’. आम्ही पोट धरधरून हसलो. शिपायापर्यंत सगळे हसले.

एकट्या मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. ‘लक्ष्प्रस्तुत संशोधिकाबाई कापगते, सानगडी.’

“पाहा. ‘मी’ काढला तर माही मायच गेली. तिच्या नावातच मी आहो. आता पाहतेच कोण काढते!”

बसून एकेक ‘मी’ जागेवर परत आणला आणि वर चार जास्तीचे घातले. मग सरांच्या दारात जाऊन बसल्या. सरांनी शेवटी कंटाळून सही केली. “मौखिक परीक्षेत परीक्षक फाडून खातील, तेव्हा माझ्याकडे पाहू नका.”

“नाही पाहणार.”

परीक्षेच्या आधीच्या उन्हाळ्यात लक्ष्मीबाई गेल्या. तेरवी आटोपून मॅडम कामावर आल्या. बोर्डावर ‘दुःखद निधन झाल्याचे कळविण्यात येते’ असा कागद होता. त्याखाली त्यांनी काही लिहिलं नाही. मला तेव्हा भीती वाटली.

परीक्षेला नागपूरला मी सोबत गेले. बाहेरून आलेले परीक्षक पानं उलटत म्हणाले, “जिथं पाहावं तिथं मी, मी! अभ्यासविषयापासून काही अंतर नको का?”

“माय धानाच्या बांधीत वाकून रोवत होती, मी बाजूच्याच धुऱ्यावर झोपली होती. तेवढंच अंतर होतं, सर.”

“हे शेवटचं गाणं दुसऱ्या कोणाकडून पडताळलं?”

“मायच्या संगतीनं रोवणाऱ्या बाया तिच्या आधीच गेल्या.”

“मग हे गाणं असंच होतं, हे आज सांगणार कोण?”

“मी.”

आणि गायलाच लागल्या! मॅडमचा आवाज भसाडा आहे, उगाच खोटं कशाला सांगू? पण कमरेत वाकून, न थांबता, अख्खं गाणं म्हटलं. मला रडू आवरेना. शेवटी परीक्षक खाकरले. “समितीचे असे मत झाले आहे की...” मॅडमनी नुसतं वर पाहिलं. “म्हणजे, मी पदवीची शिफारस करतो.”

जिंकल्या की हो आमच्या बाई!

परतताना एसटीत मी पेढे काढले. मॅडमनी एक हातात घेतला, खाल्ला नाही. वाटेतलं मौदा गाव मागे पडल्यावर म्हणाल्या, “‘मी’साठी एवढी भांडली. भेटला. पण मले ‘तू’ म्हणणारं कोणी नाही राहिलं हो. कॉलेजात मॅडम, गावात बाई. भाचे बी ‘तुम्ही’ म्हणतात. एक मायच ‘तू’ म्हणे.”

टेबलाला टेबल लावून इतकी वर्षं मीही तुम्ही-तुम्हीच करत आले होते. भंडाऱ्याला उतरलो. सानगडीचं घर बंद होतं, इथल्या खोलीवरही वाट पाहणारं कोणी नव्हतं. जीभ जरा अडखळली, पण म्हटलंच, “विमल, तू आज माझ्याकडं चल. जेवून तिथंच झोप.”

तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं. मग पिशवी माझ्या हातात कोंबली.

“धर. तू इथंच थांब, मी ऑटो पाहते.”