पाटीलबाईंचे नायक

प्रेमाची कादंबरी वाचता वाचता मध्येच शिट्टी फुंकणारी बाई मी आयुष्यात एकच बघितली. आमच्या पाटीलबाई. रोह्याच्या शाळेत त्या पी.टी. शिकवायच्या आणि मी मराठी. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये बाकीचे सगळे डबे उघडायचे, बाई कादंबरी उघडायच्या. शिट्टी गळ्यात असायचीच. वाचता वाचता त्यांच्या भुवया वर जायच्या, हात शिट्टीकडे जायचा आणि फुर्रर्र. भूगोलाच्या सरांचा घास तोंडाऐवजी मांडीवर पडायचा. काय झालं म्हणून विचारलं तर बाई शांतपणे सांगायच्या, "फाऊल हाय. आत्ता मॅरेथॉन धावून आलाय आणि लगेच हिला उचलून जिना चढतोय. पोटऱ्या बघायला नकोत त्याच्या?" आणि पुन्हा वाचायला लागायच्या.

बाई मूळच्या गडब गावच्या. घरची भातशेती. एकेकाळी जिल्ह्याच्या संघातून कबड्डी खेळलेल्या. मी सांगतोय तो काळ नव्वद सालानंतरचा. तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती, तरी पहाटे कुंडलिका नदीच्या कडेने धावायला जायच्या. उंच, सावळ्या, आवाज असा की प्रार्थनेला लाऊडस्पीकर लागायचा नाही. लग्न केलं नव्हतं. का नाही केलं ते विचारायची गावात कुणाची छाती नव्हती.

आता या कादंबऱ्यांबद्दल. एस.टी. स्टँडजवळ सुरेखावहिनींचं वह्या-पेनांचं दुकान होतं. मागच्या फळीवर त्या भाड्याने कादंबऱ्या द्यायच्या. आधी त्यात नायक म्हणजे डॉक्टर, इंजिनियर नाहीतर इस्टेटवाला एवढेच असत. मग कुठून कसं वारं आलं कळत नाही, पण सगळे नायक एकदम खेळाडू झाले. कुणी पोहणारा, कुणी टेनिसवाला, कुणी फास्ट बोलर. मुखपृष्ठावर त्याचा शर्ट नसायचा आणि तिची ओढणी उडत असायची. या कादंबऱ्या लिहायचं कोण, देव जाणे. नावं बायकांची असायची, आणि त्यांनी मैदान बाहेरूनसुद्धा पाहिलं नव्हतं एवढं नक्की.

बाईंना डॉक्टर नायक चालत नसे, इंजिनियर तर अजिबात नाही. खेळाडूच हवा. पण पी.टी.च्या बाई अशी पुस्तकं घेऊन बाजारातून कशा जाणार? म्हणून प्रत्येक पुस्तकाला खाकी कव्हर आणि त्यावर ठसठशीत अक्षरात 'शारीरिक शिक्षण, भाग ३'. सगळ्यांवर भाग ३ च. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी तो भाग ३ टेबलावरून उचलला आणि चाळायला घेतला. चांगली वीस मिनिटं चाळला. जाताना मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, भाग चार निघालाय का म्हणून.

पुस्तकं आणायची आणि परत द्यायची कामगिरी माझ्याकडे. "तुम्ही मराठीचे, सर. तुमच्या हातात कायपण शोभतं," असं बाईंचं म्हणणं. त्यामुळे सुरेखावहिनी मलाच गिऱ्हाईक समजायच्या. "सर, तुमच्यासाठी नवीन बॉक्सर आलाय," असं चार लोकांत मोठ्याने सांगायच्या. सुरुवातीला मी लाजेने अर्धा व्हायचो. पुढे बॉक्सर घरी नेऊन आधी स्वतः वाचायला लागलो. खोटं कशाला बोलू? बी.ए.ला मराठी घेतलेला माणूस मी, पण त्या बॉक्सरचं नाक मोडलं तेव्हा माझा चहा गार झाला होता.

वाचलेल्या पुस्तकात बाई लाल पेन्सिलीने शेरे मारायच्या. 'पान साठवर उजवा गुडघा दुखत होता, इथे डावा. एक काय ते ठरवा.' 'फायनलच्या आदल्या दिवशी श्रीखंड खाल्लं. हरणार.' आणि एका ठिकाणी, 'नायिका आगाऊ आहे, पण पोरगी चांगली.' हळूहळू गावातल्या बायका वहिनींकडे शेरेवाली प्रतच मागायला लागल्या. नुसती छापील कादंबरी त्यांना अळणी लागायची.

या खेळाडूंत एवढं काय आहे, यावर आमच्या घरी पुष्कळ चर्चा झाली. माझी बायको सुधा म्हणायची, "अहो, सोपं आहे. खेळाडू नवरा वर्षातले आठ महिने दौऱ्यावर असतो. उरलेले चार महिने कोणीही प्रेमाने राहील." हे सांगताना ती माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघायची. मी बाईंनाच एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "अभ्यास म्हणून वाचते." मग मी पुढे विचारलं नाही.

सुधाचं माहेर पेण. तिथलं एक स्थळ तिने बाईंसाठी आणलं. वसंतराव म्हात्रे, पोह्यांची गिरणी, बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन पनवेलला. सुधाने मला स्वच्छ बजावलं, "हे जमवायचंच. त्यांची आई गेल्यापासून बाई शाळेतून घरी जातात, स्वतःच कुलूप काढतात आणि स्वतःशीच बोलतात. परवा मी दाराबाहेरून ऐकलं, भाजीला ओरडत होत्या. आणि यापुढे कोण आणणार आहे त्यांच्यासाठी स्थळ?" ते खरंच होतं. आधीची चार स्थळं बाईंनी घालवली होती. त्यांतल्या बँकेतल्या एका सज्जनाला तर कांदेपोहे खाता खाता एका दमात कबड्डी कबड्डी म्हणायला लावलं. त्याला ठसका लागला तो घरी जाईपर्यंत थांबला नाही म्हणे.

मी स्थळ सांगितलं तर बाईंचा पहिला प्रश्न, "काय खेळतात?"

"पत्ते," मी म्हटलं.

"पोट हाय?"

"थोडंसं."

"थोडंसं म्हंजे शर्ट आत खोचला तर दिसणारं, का नाय खोचला तरी दिसणारं?"

मी घाईघाईने गिरणीचं सांगायला लागलो. तरी बाई आमच्या घरी यायला तयार झाल्या, सुधाच्या शब्दाखातर.

वसंतराव आले ते दोन्ही हातांत पोह्यांच्या पिशव्या घेऊन. आमचा पहिला मजला चढून त्यांना धाप लागली. बाईंनी घड्याळाकडे बघून ती धाप मोजली, हे मी डोळ्यांनी पाहिलं. मग तो ठरलेला प्रकार. "एक दम घ्या बघू." वसंतराव कुरकुरले नाहीत. खुर्चीत ताठ बसले, कबड्डी कबड्डी म्हणायला लागले आणि सातव्या सेकंदाला त्यांना हसू फुटलं.

"सात," बाई म्हणाल्या. "आमच्या पाचवीतल्या पोरी वीस घेतात."

"असेल हो," वसंतराव म्हणाले. "मी गिरणीत बसून असतो. तिथे दम कुणाला लागतोय?" मग जरा थांबून म्हणाले, "तुम्ही अजून खेळता असं ऐकलं. बघायला येऊ का?"

"कबड्डी बघितलीय कधी?"

"लांबून."

पेणमध्ये जन्म काढून ज्याने कबड्डी लांबून बघितली असा पुरुष असू शकतो, हे बाईंना पटेना. पण माणूस खोटं बोलत नव्हता. त्यांनी सांगितलं, येत्या शनिवारी आमच्या मैदानावर सामना आहे, रोह्याच्या शिक्षिका विरुद्ध पेणच्या शिक्षिका. या. हो की नाही ते सामना झाल्यावर कळवते. सुधाने त्या आठवड्यात दोन उपास केले.

शनिवारी मी गुण लिहायला टेबलावर होतो. वसंतराव इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले आणि पेणकरांत जाऊन बसले. टाळ्या मात्र दोन्हीकडच्यांना वाजवत होते. नाणेफेकीलाही वाजवल्या. पेणच्या बायका त्यांच्याकडे वळून वळून बघत होत्या. सुधा कपाळाला हात लावून बसली होती.

सामना बरोबरीत आला आणि शेवटची चढाई बाईंची. काय गेल्या म्हणून सांगू. एका पोरगेल्या शिक्षिकेला हात लावून वळल्या, तेवढ्यात एकीने घोटा धरला, दुसरीने कंबर, तिसरी वरून पडली. बाई खांद्यावर आदळल्या. तो आवाज मला टेबलापाशी ऐकू आला. तरी त्यांचा दम चालूच होता. कबड्डी, कबड्डी, दात आवळून. मध्यरेषा वीतभर लांब. हात तिथे लागला असता तर धरलेल्या तिघी बाद आणि सामना आमचा.

आणि वसंतराव उठले. उठले ते सरळ मैदानात चालत गेले, चपलांसकट. असं कुणी करेल हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं, त्यामुळे अडवायचंही कुणाला सुचलं नाही. ते बाईंजवळ गुडघ्यावर बसले, वाकले आणि त्यांनी विचारलं, "लागलं का हो?"

बाईंची कबड्डी थांबली. त्या काहीतरी बोलल्या. काय ते गोंगाटात आम्हाला ऐकू आलं नाही, पण ओठ हलताना सगळ्यांनी बघितलं. पंचांची शिट्टी झाली आणि मग जो गोंधळ माजला तो विचारू नका. आमचे लोक म्हणत होते, बाहेरचा माणूस आत आला, चढाई पुन्हा घ्या. पेणचे म्हणत होते, दम तुटला तो तुटला. शेवटी पडल्या पडल्या बाईंनीच डावा हात वर केला आणि म्हणाल्या, "दम तुटला. मी बाद." एका गुणाने आम्ही हरलो.

बाईंच्या खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. त्यांना रिक्षाने डॉक्टरकडे नेलं. वसंतराव मान खाली घालून एस.टी.ने पेणला गेले. जाताना माझी दहा वेळा माफी मागितली. रोह्यात पुढचे तीन दिवस एकच विषय, बाई त्यांना काय बोलल्या. कुणी म्हणे मूर्ख म्हणाल्या, कुणी म्हणे आईवरून शिवी घातली. भूगोलाच्या सरांकडे तर तीन शिव्यांची यादी होती. सुधा रडकुंडीला आली होती. मीही वसंतरावांच्या नावावर काट मारली.

मंगळवारी सुधाने दिलेला डबा आणि वहिनींकडचा एक नवा पोहणारा घेऊन मी बाईंच्या घरी गेलो. बाई खुर्चीत बसल्या होत्या, उजवा हात गळ्यात बांधलेला. पोहणाऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "सर, बरं झालं आलात. मला लिवता येत नाय. एक कार्ड लिवा पेणला."

झालं, नकार. मी मुकाट्याने पेन काढलं. बाई सांगायला लागल्या आणि मी लिहायला.

"रा. वसंतराव म्हात्रे यांस. सामना चालू असताना मैदानात शिरू नये. चपला घालून तर नाहीच. चढाई करणाऱ्याशी बोलू नये, त्याने दम तुटतो."

मला राहवेना. मी म्हटलं, "बाई, गाव विचारतंय. तुम्ही त्यांना शिवी कुठली दिलीत?"

"शिवी कशाला देऊ?"

"मग काय म्हणालात?"

बाईंनी गळ्यातली पट्टी सारखी केली. मग म्हणाल्या, "त्यांनी विचारलं, लागलं का. मी बोलले, हो."

मी पेन खाली ठेवलं.

"आठवीपासून खेळतेय, सर. हा गुडघा, ही दोन बोटं, इथे कपाळाला टाके. पडले की पंच विचारायचे, खेळणार का बाहेर बसणार? आमचे सर बोलायचे, उठ. घरी गेले की आई विचारायची, कुणी बघितलं तर नाय ना? तीपण बिचारी काय करेल, तिला माझ्या लग्नाची काळजी." त्यांनी डाव्या हाताने नवं पुस्तक ओढून घेतलं. "तुम्ही एकदा विचारलं होतंत ना, यात काय असतं? शेवटाकडे कुठेतरी तो पडतो. कुठलापण खेळ असू द्या, पडतोच. मग ती गर्दीतून धावत येते आणि त्याला विचारते. तुम्ही पुस्तक आणलंत की मी ते पान आधी काढते. बाकीचं मग फाऊल शोधायला वाचते."

इतकी वर्षं या बाईंच्या शेऱ्यांना आम्ही सगळे हसत होतो, त्या पडल्या की उठून उभ्या राहतात म्हणून टाळ्या वाजवत होतो, आणि हे साधं विचारायचं आमच्यातल्या एकालाही सुचलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

मी पेन पुन्हा उचललं आणि विचारलं, "पुढे काय लिहू?"

"लिवा, डॉक्टरांनी तीन आठवडे पट्टी सांगितली आहे. येत्या रविवारी यावं. सामना नाही, नुसतं यावं."

मी लिहिलं. खाली त्यांचं नाव लिहिलं. कार्ड भरलं होतं. मी उठायला लागलो तर बाई म्हणाल्या, "थांबा. अजून एक लिवा. तेव्हा नुसतं हो बोलले मी. लिवा, पुष्कळ लागलं होतं."

जागा उरली नव्हती. मी कार्ड आडवं धरलं आणि कडेच्या पट्टीत बारीक अक्षरात ते लिहिलं.