बिनबोटांची जोडी

पंप दुरुस्त करणाऱ्या फिटरचं एक ठाम शास्त्र होतं. वस्तू उघडली की कळते, आणि कळली की जमते. या शास्त्रावर त्यानं चार गल्ल्यांतले पंप चालते ठेवले होते, त्यामुळे त्याला कुणी अडवायचंही नाही. अडवणारी एकच होती, त्याची बायको, आणि ती जाऊन अजून वर्ष व्हायचं होतं.

मुलीचा फोन आला तेव्हा हेच शास्त्र आडवं आलं. मुलगी औषधांच्या थंड गोदामात कामाला. खोक्यांवर लेबलं चिकटवायची म्हणजे बोटं मोकळी हवीत, आणि बोटं मोकळी ठेवली की मनगटापासून हात गारठतात. म्हणून आईनं तिच्यासाठी बिनबोटांचे हातमोजे विणायला घेतले होते. अंगठ्याला एक भोक, वर बोटं मोकळी. त्यातला एक पुरा झाला आणि दुसऱ्याआधी आईच संपली.

"तो एक असेल ना बाबा? तो तरी द्या. सुट्टीत आले की घेऊन जाईन," मुलगी म्हणाली. तिनं तो कधी पाहिलाही नव्हता.

बाप गप्प बसला असता तर ही गोष्टच झाली नसती. पण तो म्हणाला, "एक कशाला? दुसरा मी विणतो, जोडी देतो."

फोन ठेवल्यावर त्यानं कपाटातून मोजा आणि उरलेल्या लोकरीचा गुंडा काढला. ही लोकर मेंढीची नव्हे. बर्फाच्या मुलखात एक केसाळ रानबैल असतो, त्याच्या राठ केसांच्या आत मऊ लव असते, तिचा हा धागा. हातावर ठेवला तर वजन कळत नाही, फक्त हात गरम झाल्याचं कळतं. बायकोनं हौसेनं मागवली होती. पुडकं आलं तेव्हा फिटर म्हणाला होता, एवढ्याशा गुंड्यासाठी एवढा मोठा बैल कशाला कामाला लावला. त्यावर तिनं त्याचे ग्रीसचे हात बघून, आधी साबण लावून ये, मग बोल, एवढंच सांगितलं होतं.

विणकाम शिकवायला मेहुणी आली. ती दोन गल्ल्या सोडून राहायची आणि बोलायला लागली की मध्ये श्वास घ्यायची नाही. तिनं साधी लोकर देऊन सुलट टाका, उलट टाका, टाके घालणं, टाके बंद करणं सगळं दाखवलं. फिटर सुई धरायचा स्क्रू-ड्रायव्हरसारखी आणि प्रत्येक टाका असा आवळायचा, जणू त्यातून पाणी गळणार आहे. पहिला चौकोन विणून झाला तो टेबलावर उभा राहिला. शेजारच्या दुकानातला वेल्डर चहाला आला होता. त्यानं त्यावर गरम किटली ठेवली आणि वर विचारलं, की आता पंपाला लोकरीचे वॉशर घालणार का.

"भावोजी, सैल सोडा," मेहुणी सांगायची. तो खांदे सैल सोडायचा. टाके तिथंच.

तरी हळूहळू विणीला वीण म्हणण्याइतकी कळा आली. आता घोडं अडलं अंगठ्यापाशी. बायकोनं तो कसा काढला होता? मोज्यावरून कळायला मार्ग नव्हता, कारण त्या लोकरीला अशी लव सुटलेली, की टाके तिच्यात धुक्यातल्या घरांसारखे बुडालेले. फिटरनं भिंग लावलं. विजेरी आत घालून पाहिलं, मोजा कंदिलासारखा उजळला, बाकी काही नाही. शेवटी व्हर्नियरनं माप घेतलं, तर दर वेळी वेगळंच. लोकर दबायची, सुटायची, आणि आपल्याला हसतेय असं त्याला वाटायचं. मेहुणीला विचारलं तर ती म्हणाली, शुक्रवारी येऊन समोर बसून दाखवते, तोवर धीर धरा.

आता तुम्हीच सांगा, बिघडलेला पंप समोर असताना कुठला फिटर शुक्रवारची वाट बघेल?

त्यानं टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. पंप उघडताना काढलेला प्रत्येक भाग ज्या क्रमानं निघाला त्या क्रमानं मांडून ठेवायचा, म्हणजे जोडताना उलट जात यायचं, ही त्याची जुनी शिस्त. फक्त अंगठ्यापर्यंतच्या ओळी उघडायच्या, बघायचं, पुन्हा बसवायचं. त्यानं शेवटची गाठ सोडवली आणि धागा ओढला. आधी लव चिकटून बसली, मग पहिली ओळ अलगद सुटली. ती त्यानं कागदावर मांडली. दुसरी सुटली, तीही मांडली. मांडल्यावर त्याच्या लक्षात आलं, की ह्याला भागच नाहीत. जे काही आहे ते सगळं एकच आहे.

तेवढ्यात फोन वाजला. मेहुणीचा.

फिटरला फोनवर एका जागी उभं राहून बोलता येत नसे. त्याचं बोलणं आणि चालणं एकाच पट्ट्यावर फिरायचं. तो स्वयंपाकघरात गेला, तिथून मागच्या खोलीत, पलंगाला वळसा घालून परत. मेहुणी शुक्रवारी कधी येऊ विचारत होती. मग तिच्या गुडघ्यांचं झालं, मग नळाला कमी येणाऱ्या पाण्याचं झालं. फिटर हूं हूं करत दुसरा फेरा मारून आला. फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "आणि एक सांगायचं राहिलं. काही झालं तरी ताईचा मोजा उसवू नका. ती लोकर एकदा सुटली की तिला आवरणं कुणाच्या बापाला जमत नाही."

"छे, छे," फिटर म्हणाला आणि वळला.

दारापासून पलंगापर्यंत, पलंगापासून मोरीपर्यंत, खुर्चीच्या दोन्ही पायांतून आणि टेबलाखालून, करड्या रंगाची एक बारीक रेघ तरंगत होती. तिचं एक टोक त्याच्या घड्याळाच्या पट्ट्यात अडकलं होतं. दुसरं टोक टेबलावर होतं. मोजा नव्हता.

तो खुर्चीवर बसला. ओरडावं तर कुणावर? फोनवर, घड्याळावर, की त्या बैलावर? त्यानं घड्याळावर ओरडून घेतलं. मग गुडघ्यावर रांगत सगळ्या घरातून धागा गोळा केला. बायको त्या घरात फिरली नसेल इतक्या कानाकोपऱ्यांतून तो गेला होता.

शुक्रवारी मेहुणी आली, गुंडाळी पाहिली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला बोलायला काही सुचलं नाही. फिटरला वाटलं, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, की पोरीला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा, पण आता दोन्ही विणावे लागतील.

अंगठा कसा काढायचा ते तिनं समोर बसून दाखवलं आणि त्यानं बायकोच्या उसवलेल्या धाग्यानंच सुरुवात केली. निदान धागा तरी तिच्या हातातून गेलेला. तो धागा अजून जुन्या टाक्यांची वळणं धरून होता आणि नव्या टाक्यांना नीट बसू देत नव्हता. फिटरनंही तिच्यासारखं सैल विणायचा चंग बांधलेला. झालं असं, की मोजा खाली अरुंद निघाला, वर फुगला, आणि अंगठ्याच्या भोकातून अख्खी मूठ बाहेर येऊ लागली. पुन्हा उसवू म्हणाला तर मेहुणीनं हात धरला. लव विरळ झाली होती, आणखी ओढली तर धागा तुटणार होता.

दुसरा त्यानं उरलेल्या गुंड्याचा विणला. तोवर त्यानं सगळ्याची आशा सोडली होती, आणि आशा सोडल्यावर हात आपोआप सैल झाला. तो मोजा असा बेतशीर उतरला, की मेहुणीनं तो उलटासुलटा करून पाहिला आणि अलगद खाली ठेवला. लोकर तिथं संपली.

मुलगी आली. मावशी चहा करायला आत गेली. फिटरनं आठ दिवस पाठ केलेलं वाक्य घशापर्यंत आणलं, की बाळ, आईचा मोजा आता नाही, माझ्या हातून गेला. पण त्याआधी मुलीनं टेबलावरची जोडी उचलली. नीट झालेला मोजा उजव्या हातात चढला. फुगलेला डाव्यात घातला, तेव्हा अंगठ्याबरोबर दोन बोटंही त्या भोकातून बाहेर आली. ती बघतच राहिली.

"हा आईचा," ती म्हणाली.

"अगं, ते…"

"सांगायला कशाला हवं? तिला कधी माप जमलं? माझ्या शाळेच्या टोपीत दोन डोकी मावायची. आपण कुणी तिला बोललो नाही एवढंच." ती हसत होती, आणि हसता हसता तिनं तो मोजा गालाला लावला आणि तशीच बसून राहिली.

फिटरनं तोंड उघडलं होतं ते मिटलं. आत चहाची भांडी वाजायची थांबली होती.

मग मुलगी म्हणाली, "हा मी गोदामात नेणार नाही, खराब होईल. घरी ठेवणार. पण बाबा, तुमचा मात्र फारच छान झालाय. खरंच तुम्ही विणला?"

"हो," फिटर म्हणाला. निदान तेवढं खरं होतं.

"मग त्याच्या जोडीला अजून एक विणा ना."

"लोकर संपली."

"मी मागवते."

मावशी चहा घेऊन बाहेर आली. तिचा चेहरा गंभीर होता, फक्त कपबश्या हलत होत्या. "विणतील की. हात चांगला बसलाय त्यांचा," ती म्हणाली.

फिटरनं मान डोलावली. दुसरं करणार काय? त्यानं चहाचा घोट घेतला, जीभ पोळली, तरी गिळला.

"आणि बाबा," मुलगी डावा हात समोर धरून, मूठ आतबाहेर करत म्हणाली, "अंगठा मात्र असाच करा. अगदी आईच्यासारखा."

तो अंगठा कसा झाला होता, हे फिटरला मेल्यावरसुद्धा सांगता आलं नसतं.